पुण्यातला पहिला महिना

परदेशातून शिकायला येणारा मुलगा पुण्यात उतरतो तो बहुधा भर पावसात. प्रवेश जुलै-ऑगस्टचे. व्हिसा हातात पडायला उशीर होतो, स्वस्तातलं तिकीट मिळायला आणखी उशीर होतो, आणि तो येऊन पोहोचतो तेव्हा वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. मुंबईला विमानातून उतरायचं, टॅक्सी किंवा बस धरायची, घाट चढून वाकडला किंवा स्टेशनला उतरायचं. सोबत दोन मोठ्या बॅगा आणि पोटाशी धरलेली एक फाइल. त्या फाइलमध्ये त्याची पुढची तीन-चार वर्षं असतात : पासपोर्ट, प्रवेशाचं पत्र, शाळेच्या गुणपत्रिका, त्यांची इंग्रजी भाषांतरं, फोटो. ती भिजू नये म्हणून तो स्वतः भिजतो.

पुण्यात अशी मुलं मी बरीच वर्षं पाहतो आहे. फर्ग्युसन रस्त्यावर, विमाननगरच्या चहाच्या टपऱ्यांवर, कोंढव्यातल्या किराणा दुकानांत, विद्यापीठाच्या फाटकापाशी रिक्षावाल्याशी खुणांनी बोलताना. या लेखासाठी त्यांच्यातल्या काहींच्या खोल्यांवर गेलो, त्यांच्या हातचं जेवलो, त्यांच्याबरोबर हिंडलो. त्यांची नावं इथं देत नाही. परक्या देशात राहणाऱ्या मुलांची नावं छापून त्यांच्या अडचणी वाढवण्यात शहाणपण नाही. पण त्यांच्याशी बोलून माझं एक मत पक्कं झालं, ते आधीच सांगतो. पुण्याला आपण विद्येचं माहेरघर म्हणतो. ते बिरुद खरं की खोटं, हे या मुलांच्या पहिल्या महिन्यात ठरतं, आणि ते वर्गाबाहेर ठरतं.

पहिला आठवडा कागदांत जातो. विद्यार्थी-व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. नेपाळ आणि भूतानच्या मुलांना हे लागत नाही; बाकी बहुतेकांना लागतं. हल्ली अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण अर्जाला राहत्या पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो, म्हणजे भाडेकरार हवा किंवा वसतिगृहाचं पत्र हवं. शिवाय घरात परदेशी पाहुणा आला की घरमालकानं २४ तासांत ‘फॉर्म सी’ भरायचा असतो. घरमालकाला हे माहीत नसतं. माहीत झालं की तो बिचकतो. पोलिसांचं लचांड नको म्हणतो आणि खोली द्यायलाच नकार देतो. खोली नाही म्हणून करार नाही, करार नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणीचा कागद नाही म्हणून बँकेत खातं उघडत नाही. खातं नाही म्हणून घरून पैसे कुठं मागवायचे, हा प्रश्न. आणि १४ दिवस तर मोजलेले असतात.

टांझानियाहून आलेल्या एका मुलीनं हा फेरा मला एका कागदावर बाण काढून दाखवला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. चारी बाजूंनी फिरून बाण पुन्हा ‘खोली’ या शब्दावर येत होता. ती सुटली कशी, तर तिच्या गावाकडची एक मुलगी दोन वर्षं आधी इथं आलेली होती, तिच्या खोलीत ती राहिली आणि तिच्या घरमालकिणीनं फॉर्म भरून दिला. या मुलांना पहिला हात मिळतो तो असा, आपल्याच देशातल्या थोरल्या मुलामुलींचा. कॉलेजचा आंतरराष्ट्रीय विभाग असतो, तिथली माणसं कामं करतातही. पण रात्री दहा वाजता नळाला पाणी येत नाही, ताप भरला आहे, दलालानं अनामत बुडवली आहे, तेव्हा दार वाजवायचं ते थोरल्या भावाचं किंवा बहिणीचं. सुदान, येमेन, अफगाणिस्तान, इराण, केनिया, सगळ्यांच्या अशा साखळ्या पुण्यात आहेत. पुण्यात शिकायला येणं हे त्यांच्याकडे घराघरांतून चालत आलेलं आहे. मोठा भाऊ शिकून गेला, मग धाकटा आला, मग मामेबहीण आली.

खोली शोधण्याचा भाग मात्र वाचकांनी जरा थांबून वाचावा, कारण तिथं आपण आहोत. आपण म्हणजे मी आणि तुम्ही, ज्यांचा एखादा जास्तीचा फ्लॅट आहे, ज्यांच्या सोसायटीची मीटिंग दर महिन्याला होते. गोऱ्या मुलाला घर लवकर मिळतं. इराणी मुलीला चार प्रश्न विचारून मिळतं. काळ्या मुलाला मिळत नाही. फोनवर खोली रिकामी असते, तो जिने चढून दारात उभा राहिला की भरलेली असते. सोसायटीनं ठराव केला आहे, आमच्याकडे फक्त फॅमिली, आम्ही शाकाहारी आहोत, ही कारणं तयार असतात. ज्या मुलाला तीन दारांवरून परत पाठवलं, तो चौथं दार आपल्या वस्तीत शोधतच नाही. मग आपणच म्हणतो, हे लोक वेगळे राहतात, आपल्यात मिसळत नाहीत. बंगळुरूत २०१६ मध्ये टांझानियाच्या विद्यार्थिनीवर जमावानं हात टाकला, ग्रेटर नोएडात २०१७ मध्ये आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. त्या बातम्या वाचून पुण्यानं मान हलवली. मान हलवणं पुरेसं नाही. जमाव एका दिवसात तयार होत नाही, तो अशा बंद दारांच्या मागे वाढत असतो.

या ठिकाणी मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ च्या जून महिन्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. त्यांना घ्यायला आल्या होत्या थिओडिशिया कार्पेंटर. ना नात्याच्या, ना जातीच्या, ना धर्माच्या. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र छापून आलं होतं. दंतवैद्याकडे बसल्या असताना ते कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं आणि त्यांनी आनंदीबाईंना लिहिलं. पुढं न्यू जर्सीतल्या रोझेल गावी आपल्या घरी त्यांनी या मराठी मुलीला ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियात शिकत असताना थंडीनं, धुरकट खोलीनं आणि जेवणाच्या आबाळीनं त्यांचे हाल झाले. तरी पाठीशी एक घर आहे, हा आधार त्यांना होता. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा पुढं अमेरिकेत कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ठेवली गेली. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रापासून श्री. ज. जोशींच्या कादंबरीपर्यंत ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसत वाचली. वाचताना आपण आनंदीबाईंच्या बाजूनं वाचतो, ते स्वाभाविक आहे. पण पुण्यात राहणाऱ्या माणसानं ती एकदा कार्पेंटरबाईंच्या बाजूनंही वाचायला हवी. आज धक्क्यावर आपण उभे आहोत.

पुण्यात असं कुणी उभं राहिलंच नाही, असं मात्र नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्रा. शां. ब. मुजुमदार यांनी सांगितलेली हकीकत अनेकांना ठाऊक आहे. वसतिगृहाच्या एका खोलीच्या खिडकीतून एक मुलगी आतल्या मुलाला काहीतरी देते, असं त्यांच्या नजरेस पडलं. चौकशी केली, तर आतला मुलगा मॉरिशसचा. कावीळ झालेली, म्हणून एकटा ठेवलेला. ती मुलगी त्याला जेवण पोचवत होती. परक्या मुलांचं आजारपण, जेवणखाण, एकटेपण यांकडे बघणारं कुणी नाही, हे मुजुमदारांना तिथं जाणवलं, आणि १९७१ मध्ये त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी सिंबायोसिस ही संस्था सुरू केली. विद्यापीठ, व्यवस्थापनाच्या शाळा, इमारती हे सगळं पुढचं. मुळात ते एक घर होतं. एवढ्या मोठ्या संस्थेची सुरुवात खिडकीतून आत गेलेल्या जेवणापासून व्हावी, हे मला पुण्याच्या इतिहासातलं मोठं भूषण वाटतं.

जेवणाची अडचण मेसमध्ये सुरू होते. पोळी, दोन भाज्या, आमटी, भात, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. आमटीतला गूळ कळत नाही, भाजीतलं तिखट सोसत नाही, आणि पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी पोट बिघडतंच. मग खोलीवर शेगडी येते. कोंढव्यातल्या एका खोलीत केनियाची दोन मुलं उगाली शिजवताना पाहिली. पाण्याला उकळी आणून तिच्यात मक्याचं पीठ वैरायचं आणि लाकडी उलथन्यानं जोर लावून घोटायचं, अंगाला घाम येईपर्यंत. आपल्या पिठापेक्षा त्यांचं पीठ पांढरं आणि बारीक असतं. इथं मिळणारं पिवळं पीठ पहिल्यांदा त्यांना गोड लागलं. गोळा ताटात उलटला की हातानं तोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि पालेभाजीबरोबर खायचा. मी खाल्ला. ज्वारीच्या उकडीवर वाढलेल्या माणसाला तो अजिबात परका लागत नाही. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा त्यांना पालकाची ताकातली पातळ भाजी करून दिली होती. तेव्हापासून महिन्यातून एखाद्या रविवारी वर-खाली वाट्या जातात. त्या आजींना इंग्रजी येत नाही, मुलांना मराठी येत नाही, वाट्यांचं अडत नाही.

इराणी मुलांचं निराळं. पुण्यात त्यांना आपल्या देशाची एक जुनी खूण मिळते. डेक्कनवरचं गुडलक १९३५ सालचं. इराणी माणसानं सुरू केलेलं हॉटेल आणि तिथला मस्का-पाव हा पुणेकर आपलाच मानतो, हे पाहून एका मुलाला फार नवल वाटलं होतं. चहा मात्र त्याच्या मते फारच गोड आणि दुधाळ. त्याच्या घरी तो कोरा असतो, खडीसाखर दाताखाली धरून प्यायचा.

वर्गातल्या अडचणी लवकर सुटतात, म्हणून त्यांवर फार लिहीत नाही. मास्तर इंग्रजीत सुरू करतात आणि विनोद सांगायचा झाला की मराठीत जातात. सगळे हसतात, हा एकटा बघत राहतो. सबमिशन, जर्नल, ७५ टक्के हजेरी, सही-शिक्का, बोनाफाइड, झेरॉक्स या गोष्टी महिनाभरात अंगवळणी पडतात. बाकावरचा शेजारी बरा निघाला की निम्मं काम होतं. पैशाचं मात्र सुटत नाही. विद्यार्थी-व्हिसावर नोकरी करता येत नाही. घरचं चलन घसरलं की बापानं तेवढेच पैसे पाठवले तरी इथं कमी पोचतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, तिथल्या बँका बंद झाल्या आणि पुण्यातल्या अफगाण मुलांचे पैसे एका आठवड्यात थांबले. सुट्टीला घरी गेलेली कित्येक मुलं परत येऊच शकली नाहीत, कारण भारतानं देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा त्याच महिन्यात रद्द केले. अर्धवट राहिलेल्या त्या पदव्यांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं गेलं.

आता हिंडण्याकडे येतो. या मुलांना भारत पाहायचा असतो, आणि भारत म्हणजे ताजमहाल. दिवाळीच्या सुट्टीत झेलम एक्स्प्रेसनं आग्र्याला जायचं हा बेत पहिल्याच महिन्यात ठरतो. त्याला माझी हरकत नाही, ताज पाहावाच. पण त्याआधी पुणं त्यांना हाताशी धरून बरंच काही दाखवू शकतं, आणि ज्यांना ते कुणी दाखवलं त्या मुलांचं इथलं राहणं बदललं, असं मी पाहिलं आहे.

गणपती तर दाखवावेही लागत नाहीत. मुलं येऊन स्थिरावतात तोवर ते येतातच. पहिल्या दिवशी त्यांना वाटतं, हे एका देवळाचं काहीतरी असेल. मग कळतं की प्रत्येक गल्लीचा वेगळा आहे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर मानाचे पाच गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, या ठरल्या क्रमानं जातात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. टांझानियाची ती मुलगी वर्गातल्या मैत्रिणीबरोबर अलका चौकात उभी होती. ढोलाचा ठेका तिच्या पायांनी आधी ओळखला. पथकातल्या पोरींनी तिला आत ओढलं. त्या दिवसानंतर वर्गात तिला सगळे ओळखू लागले.

सिंहगडही तसाच. शनिवारी पहाटे पायथ्याला जायचं, चढायचं, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं. तानाजींची गोष्ट चढता चढता कुणीतरी सांगतंच, आणि परदेशी पोरं ती श्वास रोखून ऐकतात. लढायांच्या गोष्टी सगळ्या देशांत असतात.

पण मला विचाराल तर पहिल्या महिन्यात त्यांना कार्ल्याला न्यावं. लोकलनं मळवलीला उतरायचं, डोंगराच्या पायऱ्या चढायच्या. वर एकवीरा आईचं देऊळ. कोळी-आगरी मंडळींची गर्दी, नारळ, कोंबड्या, वाजंत्री. आणि देवळाच्या पाठीशीच जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं चैत्यगृह. मी नेलं त्या दिवशी बरोबर एक नेपाळी मुलगा, एक अफगाण मुलगा आणि केनियाचा एक असे होते. तिकिटाच्या खिडकीवर पहिल्या दोघांना सार्क देशांचे म्हणून आपल्याइतकेच २५ रुपये पडले, केनियाच्या मुलाला ३००. मित्रांनी वर्गणी काढून फरक वाटून घेतला. तीन वर्षं इथं राहून शिकणाऱ्या मुलाकडून पर्यटकाचा दर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत गेल्यावर मुलं गप्प झाली. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, वर घोड्यांवर-हत्तींवर बसलेली जोडपी, आणि त्याच्याही वर छताला लाकडाच्या कमानी, त्या काळच्याच, अजून जागेवर आहेत. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडी. दारावरच्या मोठ्या कमानीतून येणारा उजेड सरळ स्तूपावर पडतो. मग मी त्यांना खांबांवरची अक्षरं दाखवली. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. कोणत्या खांबासाठी कुणी दान दिलं, ते त्यावर कोरलेलं आहे. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल हा मुख्य दाता. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असं तो अभिमानानं सांगतो. पण कित्येक खांब यवनांनी दिले आहेत. धेनुकाकट नावाच्या गावी राहणारे यवन, म्हणजे मूळचे परके लोक, पश्चिमेकडून आलेले. त्यांतल्या एकाचं नाव सिहधय, अगदी इथलं झालेलं. यवन म्हणवून घेत त्यानं खांब दिला आणि त्याच्या नावासकट तो सह्याद्रीनं सांभाळला. अफगाण मुलानं त्या अक्षरांवरून हवेतच बोट फिरवलं. बामियानच्या बुद्धमूर्ती त्याच्या जन्माच्या सुमारास, २००१ मध्ये, उडवल्या गेल्या होत्या. त्या त्यानं फक्त फोटोत पाहिल्या होत्या. कार्ल्यात तो बराच वेळ स्तूपापाशी बसून होता.

असे आलेले काही जण इथलेच होऊन गेले, याची आठवण या ठिकाणी करून द्यायला हवी. मॅक्सीन बर्नसन १९६० च्या दशकात फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या; मुलांना वाचायला कसं शिकवावं यासाठी त्यांनी तिथं शाळा उभी केली. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहिला, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि कासेगावच्या मातीत २०२१ मध्ये विसावल्या. एलिनॉर झेलियट परत गेल्या, पण बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचा त्यांनी केलेला अभ्यास आजही कुणाला टाळता येत नाही. त्यांचेही इथले पहिले दिवस असणारच. कुणीतरी त्यांना घरात घेतलं असणार, भाषेच्या चुका हसत दुरुस्त केल्या असणार, ताट वाढलं असणार. महाराष्ट्राला त्याची परतफेड किती झाली, हे आपण जाणतो.

सरकारी आकडा सांगतो की २०२१-२२ मध्ये सबंध भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते, त्यांतले २८ टक्के एकट्या नेपाळचे. आपली मुलं लाखांनी बाहेर जातात. त्या मानानं हा आकडा अगदीच लहान आहे. २०१८ मध्ये केंद्रानं ‘स्टडी इन इंडिया’ हा कार्यक्रम सुरू केला, परदेशांत जाहिराती केल्या. जाहिरातीनं मुलगा अर्ज करतो. त्याचा धाकटा भाऊ येईल की नाही, ते थोरल्यानं घरी केलेल्या फोनवर ठरतं. विद्यापीठांनी आणि पोलिसांनी मिळून जुलै-ऑगस्टपुरतं एकाच जागी नोंदणी, बँक आणि सिमकार्डाचं काम करणारं केंद्र काढलं, घरमालकांसाठी फॉर्म सी मराठीत समजावून सांगणारं एक पान छापलं, तरी त्या टांझानियाच्या मुलीचे बाण थांबतील. याला मोठा खर्च येत नाही.

आणि एक काम आपलं. हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे तेव्हा वसतिगृहं रिकामी झाली असतील. मेसवाले गावी गेले, वर्गातली मुलं गावी गेली, टपऱ्यासुद्धा चार दिवस बंद. आग्र्याला जायला ज्यांच्याकडे पैसे नाहीत, अशी परदेशी मुलं बंद कॉरिडॉरमध्ये खोल्यांत बसून आहेत. तुमच्या जवळच्या कॉलेजच्या रेक्टरांना आजच फोन करा आणि कोण मागे राहिलं आहे ते विचारा. लक्ष्मीपूजनाला नाही जमलं तर पाडव्याला, पाडव्याला नाही जमलं तर भाऊबीजेला त्यांना घरी बोलवा. चकली फार तिखट करू नका.